पोराच्या ताटातले ६ रुपये ७८ पैसे

कर्नाटकातल्या सरकारी शाळेतल्या दुपारच्या जेवणाला आपल्याकडे कुणी बिसीऊट म्हणतं, कुणी माध्यान्ह आहार, आणि कागदोपत्री त्याचं नाव अक्षर दासोह. पोराला त्याचा एक पैसाही पडत नाही, म्हणून घरात त्याचा हिशेब कुणी विचारत नाही. पण प्रत्येक ताटामागे किती तांदूळ, किती डाळ, किती पैसे हे ठरलेलं आहे. ठरलेलं ताटात येतंय की नाही, हे तपासायचा हक्क पालकांना आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव भागातल्या मराठी पालकांची अडचण अशी की हा सगळा हिशेब कन्नडमध्ये लिहिलेला असतो. म्हणून तो इथे मराठीत उलगडून मांडलाय.

कुणाच्या पोराला मिळतं

केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांच्या हातात कोरडं धान्य पडायचं. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं जेवणच द्या असा आदेश दिला. कर्नाटकात २००२ मध्ये पहिल्या टप्प्यात बिदरसारखे जिल्हे आले, बेळगाव पुढच्या टप्प्यात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीपर्यंतच्या मुलांना हे जेवण हक्कानं दिलं. सुट्टीचे दिवस सोडून रोज, आणि विनामूल्य. २०२१ पासून केंद्राच्या योजनेचं नाव पीएम पोषण झालं, पण शाळेच्या भिंतीवर अजून अक्षर दासोहच लिहिलेलं दिसेल.

सीमाभागातल्या पालकांनी एक फरक लक्षात ठेवावा. केंद्राची योजना आठवीला संपते. कर्नाटक सरकार नववी-दहावीच्या मुलांनाही स्वतःच्या तिजोरीतून जेवण देतं, २००७ पासून. पलीकडे महाराष्ट्रात, चंदगड किंवा गडहिंग्लजला, आठवीनंतर शाळेतलं जेवण बंद होतं. त्यामुळे मामाच्या गावाहून नववीला इकडच्या अनुदानित हायस्कूलमध्ये आलेल्या पोराला आपल्याला ताट मिळतं हेच माहीत नसतं. ते डबा आणत राहतं, किंवा उपाशी राहतं.

दुसरा गोंधळ अनुदानाचा. एकाच आवारात, एकाच संस्थेच्या नावाखाली अनुदानित मराठी शाळा आणि विनाअनुदानित इंग्रजी माध्यम अशा दोन शाळा असू शकतात. जेवण फक्त अनुदानित शाळेतल्या मुलांना. प्रवेश घेतानाच विचारा: आमचं पोर ज्या वर्गात बसणार तो अनुदानित आहे का? संस्था जुनी, नावाजलेली आहे यावरून काही ठरत नाही.

विनाअनुदानित शाळेत जेवणाची जबाबदारी पूर्ण घरची. तिथे डबा किंवा खाऊचे पैसे. दहा-वीस रुपये रोज हातात ठेवले की ते शाळेसमोरच्या दुकानात चमचमीत पुड्यांवर जातात आणि पोर संध्याकाळी चिडचिडं होऊन घरी येतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पालकांनी मिळून हे शाळेला लेखी दिलं तर शाळेला हलावं लागतं.

पैसे कुठून येतात

ताटाचा खर्च तीन वाटांनी येतो आणि या तिन्ही वाटा एकत्र कालवल्या की हिशेब कळत नाही.

पहिली वाट धान्याची. तांदूळ (आणि गहू) केंद्र सरकार पुरवतं, भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम.

दुसरी वाट शिजवण्याच्या सामानाची: डाळ, भाजी, तेल, मीठ-मसाला, इंधन. १ मे २०२५ पासून याचा दर पहिली ते पाचवीला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे आहे. त्यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. शीर्षकातला आकडा हाच.

तिसरी वाट स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या मानधनाची. ती ताटाच्या दरात धरलेली नसते.

आता पटावर १०० मुलं असलेली एक शाळा घ्या, ६० मुलं पाचवीपर्यंतची आणि ४० त्यापुढची. सगळे हजर असतील तर त्या दिवशी तांदूळ १२ किलो शिजला पाहिजे (लहानांचे ६, मोठ्यांचे ६). डाळ लहानांना २० ग्रॅम आणि मोठ्यांना ३० ग्रॅम, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम. भाजी ५० आणि ७५ ग्रॅम, म्हणजे ६ किलो. तेल ५ आणि साडेसात ग्रॅम, एकूण ६०० ग्रॅम. आणि पैसे? ६० गुणिले ६.७८ म्हणजे ४०६ रुपये ८० पैसे. ४० गुणिले १०.१७, तेही ४०६ रुपये ८० पैसे. दिवसाचे ८१३ रुपये ६० पैसे. केंद्राचे ४८८.१६, राज्याचे ३२५.४४.

इथे बरेच पालक फसतात. शाळेच्या बँक खात्यावर रोजचे ८१३ रुपये जमा झालेले दिसत नाहीत आणि मग हेडसरांवर संशय जातो. कर्नाटकात तूरडाळ आणि तेलही बहुतेक वेळा साठ्याच्या रूपानं थेट शाळेत येतं. त्याची किंमत त्याच दरातून वजा होते. खात्यावर येतात ते भाजी, मसाला, इंधन वगैरेचे उरलेले पैसे. म्हणून खातं एकटं बघून काही कळणार नाही, साठ्याची वही सोबत ठेवूनच बघावं.

पैसे पटावर नाहीत, जेवलेल्या मुलांवर मोजले जातात. ही गोष्ट दोन्हीकडून दुखते. मोठ्या शाळेत हजेरी फुगवायचा मोह होतो. गावची जत्रा असताना किंवा ऊसतोडीला घरंच्या घरं बाहेर असताना वहीत रोज शंभरच्या शंभर जेवलेले दिसले तर विचारलंच पाहिजे. आणि छोट्या शाळेत उलटं होतं. कणकुंबी, जांबोटीच्या जंगलपट्ट्यातल्या, पाचवीपर्यंतच्या दहा पोरांच्या शाळेचा विचार करा. दिवसाचे ६७ रुपये ८० पैसे, २२ दिवसांचे १,४९१ रुपये ६० पैसे, त्यातूनच डाळ-तेलाची किंमत वजा. दहा पोरांचा भात शिजवायला लागणारा गॅस पंचवीस पोरांच्या भाताला लागणाऱ्या गॅसच्या निम्म्याहून जास्तच असतो. भांडं तापवायलाच तो जातो. एक सिलिंडर भरून आणला की हातात भाजीपुरते पैसे राहत नाहीत. मग भाजी आठवड्यातून दोनदा होते, आणि तीही भोपळा किंवा बटाटा, कारण ते टिकतात. ही चोरी नव्हे. दर सगळ्यांना सारखा लावल्यामुळे छोट्या शाळांवर हा अन्याय होतो, आणि सीमाभागातल्या मराठी शाळा नेमक्या छोट्या होत चालल्या आहेत.

डाळ बघा, भात नको

ताट बघायला गेलेला पालक भाताकडे बघतो. भात भरपूर असला की समाधान. पण कमी पडते ती डाळ.

लहान मुलाला त्या एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं माप आहे. मोठ्याला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. हे आकडे कसे भरतात ते बघा. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ३५० कॅलरी आणि ७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. २० ग्रॅम डाळीतून ७० कॅलरी आणि साडेचार ग्रॅम प्रथिनं. तेलाच्या ४५ कॅलरी. उरलंसुरलं भाजीतून. कॅलरीचा भार भात उचलतो, प्रथिनांचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भार ती मूठभर डाळ. डाळ निम्मी टाकली तर पोट भरलेलंच राहतं, पोर तक्रार करत नाही, आणि प्रथिनं मात्र ९-१० ग्रॅमवर येतात. वर्षभर असं झालं की पोराची वाढ खुंटू शकते आणि कारण कुणाच्या ध्यानात येत नाही.

तपासायची रीत सोपी आहे. स्वयंपाकाच्या वेळी जा, शिजवण्याआधी डाळ तोलायला सांगा. आपल्या उदाहरणातल्या शाळेत २ किलो ४०० ग्रॅमला काटा गेला पाहिजे. ताटात वाढल्यावर पळी सांबारात तळापर्यंत घालून ढवळा. वर नुसतं पिवळं पाणी आणि तळाशीही काही लागत नसेल तर डाळ कमी पडली आहे. भाताचं म्हणाल तर १०० ग्रॅम कोरडा तांदूळ शिजून अडीच ते तीन पट होतो, म्हणजे ताटात २५० ते ३०० ग्रॅम.

तांदळावरून गावागावात एक भीती पसरलेली आहे: प्लॅस्टिकचा तांदूळ. तांदूळ धुताना काही दाणे वेगळे दिसतात, तरंगतात, रंगाला थोडे निराळे असतात. ते पोषणतत्त्वं मिसळलेले दाणे. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ घालून ते बनवतात आणि १०० किलो तांदळात १ किलो या प्रमाणात मिसळतात. मावशी ते निवडून टाकतात किंवा धुताना पाण्याबरोबर ओतून देतात, तेव्हा पोरांच्या अंगात रक्त वाढावं म्हणून घातलेली नेमकी तीच गोष्ट नाल्यात जाते. तांदूळ हलक्या हातानं, कमी पाण्यात धुवावा, आणि तरंगणारे दाणे परत भांड्यात घ्यावेत.

खऱ्या किडीचं वेगळं. पावसाळ्यात खानापूर भागात पोतं जमिनीवर, भिंतीला टेकून ठेवलं की ओल धरतं आणि सोंडे होतात. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर लांब, आणि जुनं पोतं आधी संपवायचं. पोतं उतरवून घेताना वजन केलंच पाहिजे. ५० किलो लिहिलेलं पोतं दोन किलोनं कमी भरलं आणि वहीत ५० च चढलं, तर ते दोन किलो नंतर मुलांच्या ताटातूनच भरून काढले जातात.

दूध, नाचणी, अंडं

१ ऑगस्ट २०१३ ला क्षीर भाग्य योजना सुरू झाली. आठवड्यातून पाच दिवस दूध: १८ ग्रॅम पावडर आणि १० ग्रॅम साखर, १५० मिलीलिटर पाण्यात. १०० मुलांना १ किलो ८०० ग्रॅम पावडर, १ किलो साखर, १५ लिटर पाणी. उकळत्या पाण्यात थेट पावडर टाकली की गुठळ्या होतात, त्या गाळून फेकल्या जातात आणि पोरांना पातळ पांढरं पाणी मिळतं. पावडर आधी कोमट पाण्यात फेटून, मग गरम पाण्यात ओतायची. फेब्रुवारी २०२४ पासून आठवड्यातले तीन दिवस दुधात नाचणीचं मिश्रणही येतं.

अंड्याचा हिशेब जास्त नाजूक आहे. आधी सरकारकडून आठवड्याला दोन दिवस अंडं मिळायचं. सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीनं आणखी चार दिवस वाढले, म्हणजे शाळा भरते त्या सहाही दिवशी. ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना केळं. योजनेत एका अंड्यामागे ६ रुपये धरले गेले, आणि त्यातच अंड्याची किंमत, उकडायचं इंधन, सोलायची मजुरी. थंडीत अंड्याचा भाव चढतो. बाजारात अंडं साडेसहाला असेल आणि ७० मुलं अंडं घेत असतील, तर दिवसाला ३५ रुपये फक्त अंड्यांवर कमी पडतात, २४ दिवसांत ८४० रुपये. इंधन आणि मजुरी अजून धरलीच नाही. ही तूट हेडसर खिशातून भरतात, नाहीतर लहान अंडी आणली जातात, नाहीतर एखादा दिवस गाळला जातो. गाळलेला दिवस दिसला तर ओरडण्याआधी भाव विचारा, आणि मग तुटीबद्दल शाळेच्या बाजूनं अर्ज करा. अंडं खराब आहे का ते उकडण्याआधी पाण्यात सोडून कळतं: बुडालं तर चांगलं, तरंगलं तर फेकायचं.

मावशींचंही इथेच सांगायला हवं. केंद्राच्या मापानं स्वयंपाक करणाऱ्या बाईचं मानधन महिन्याला १,००० रुपये, तेही वर्षातून दहाच महिने. हा आकडा २००९ पासून हललेला नाही. कर्नाटक त्यात स्वतःची भर घालतं म्हणून हातात जास्त पडतं, पण शंभर पोरांचा भात उतरवणाऱ्या दोन बायांच्या कष्टाला ते काहीच नाही. २५ मुलांपर्यंत एक मावशी, १०० पर्यंत दोन, पुढच्या दर शंभरामागे एक, असं प्रमाण आहे. अंडी सोलायचं काम वाढलं, माणसं तेवढीच राहिली.

वाढण्याआधी कुणीतरी चाखलं पाहिजे

पोरांना वाढायच्या अर्धा तास आधी शिक्षकानं आणि एखाद्या पालकानं जेवण चाखून वहीत सही करायची असते. हा कागदी उपचार वाटतो. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत २३ मुलं गेली. जेवणात कीटकनाशक होतं. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेलाचा वास वेगळा येतोय असं म्हटलं होतं. म्हणून औषधाचा रिकामा डबा तेलाला वापरायचा नाही, फवारणीचं औषध शाळेच्या कोठारात ठेवायचं नाही, आणि मावशी “वास बरोबर नाही” म्हणाल्या तर त्या दिवशीचं जेवण थांबवायचं. चाखणीची सही सकाळीच करून ठेवलेली दिसली तर ती खोटी सही आहे.

पालकांकडून पैसे मागितले तर

जेवणासाठी मागता येत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये शाळेच्या खर्चासाठी पालकांकडून महिन्याला १०० रुपये ऐच्छिक देणगी घेण्याचं एक परिपत्रक कर्नाटकात निघालं होतं. ओरड झाली आणि ते थोड्याच दिवसांत मागे घेतलं गेलं. कुणी स्वखुशीनं द्यायचं म्हटलं तर रोख देऊ नये. मुलाच्या वाढदिवसाला किंवा घरच्या तिथीला सगळ्या मुलांना गोड, फळ किंवा पूर्ण जेवण देता येतं; त्याला योजनेतच तिथी भोजन म्हणून जागा आहे. मात्र त्या दिवशीचं शाळेचं धान्य वाचलं तर ते साठ्याच्या वहीत शिल्लक दिसलं पाहिजे.

वही कन्नडमध्ये, वाचायची कशी

शाळा सुधारणा समितीत, म्हणजे एसडीएमसीत, तीन चतुर्थांश पालक असतात आणि सदस्यांत निम्म्या बायका. ही समिती वही मागू शकते. मराठी शाळेतही आहाराच्या वह्या आणि वरची परिपत्रकं कन्नडमध्ये असतात, पण वाचायला दहा-बारा शब्द पुरतात. अक्की म्हणजे तांदूळ, गोधी गहू, तोगरी बेळे तूरडाळ, एण्णे तेल, तरकारी भाजी, हालिन पुडी दूध पावडर, मोट्टे अंडं, बाळेहण्णु केळं. हाजराती म्हणजे हजेरी, दास्तानु साठा, खर्चु खर्च, उळिके शिल्लक. बाकी सगळे आकडे.

महिन्याच्या शेवटी एकच बेरीज-वजाबाकी करा: मागची शिल्लक अधिक आलेला माल, वजा झालेला खर्च. उत्तर उळिकेच्या रकान्यातल्या आकड्याशी आणि कोठारात प्रत्यक्ष असलेल्या पोत्यांशी जुळलं पाहिजे. आपल्या शाळेत २२ दिवस सगळे जेवले तर २६४ किलो तांदूळ लागतो, म्हणजे पाच पोती आणि वर १४ किलो. जुळत नसेल तर आधी हेडसरांशी बोला. तिथे भागलं नाही तर तालुका पंचायतीत अक्षर दासोहाचे सहायक संचालक बसतात, त्यांना लेखी द्या. मराठीत लिहिलं तरी चालेल, फक्त सोबत वहीचा उतारा जोडा. आकडे तिथे कुणालाही वाचता येतात.

जेवणच शिजलं नाही तर

तांदूळ आला नाही, गॅस संपला, मावशी आजारी पडल्या, अशा दिवशी पोरं रिकाम्या पोटी घरी येतात आणि गोष्ट तिथेच विसरली जाते. केंद्राच्या माध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत याला उत्तर आहे. शाळेच्या दिवशी जेवण मिळालं नाही तर त्या दिवसाचं धान्य आणि शिजवण्याच्या सामानाचे पैसे अन्नसुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मुलाला मिळायला हवेत. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण चुकलं तर राज्यानं जबाबदार कोण ते ठरवायचं असतं. जेवण शिजलं होतं आणि पोरानंच खाल्लं नाही, तर भत्ता नाही.

एका घरातली दोन मुलं, एक तिसरीला आणि एक सातवीला, चार दिवस जेवण झालं नाही असं धरा. तिसरीच्या मुलाचे ४०० ग्रॅम तांदूळ आणि २७ रुपये १२ पैसे, सातवीच्या मुलीचे ६०० ग्रॅम आणि ४० रुपये ६८ पैसे. घराचा एकूण हक्क १ किलो तांदूळ आणि ६७ रुपये ८० पैसे. रक्कम लहान आहे, पण शंभर पोरांच्या शाळेचा हाच हिशेब चार दिवसांचे ४८ किलो तांदूळ आणि ३,२५४ रुपये ४० पैसे होतो, आणि तेवढ्या रकमेचा प्रश्न तालुक्याला टाळता येत नाही. अर्जात चार गोष्टी पुरतात: शाळेचं नाव, जेवण न झालेल्या तारखा, त्या दिवशी हजर असलेल्या मुलांची संख्या, आणि पालकांच्या सह्या. तारखा त्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून ठेवा. महिन्यानं आठवत नाहीत.